हांक्यांतील बंदूक व तिचें तोंड

(लेखक : एक निवृत्त महसुली कारकून)

भाताचीं लोंबें भरूं लागलीं, भुईमुगाच्या शेंगांत दाणा धरला, कीं रानडुकरांची पहिली वार्ता गांवांत येते. एका रात्रींत पांच-दहा गुंठे पीक लोळवून व उकरून जाणाऱ्या या जनावरापुढें कुंपण, बुजगावणें, डबे बडविणें हे उपाय चार दिवसांचेच ठरतात, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. मग घरांतील ठांसणीची बंदूक बाहेर निघते, शेजारच्या वाडींतील दोन-तीन परवानेदारांस निरोप जातो, हांका करण्यास पोरें जमतात, आणि दहा-पंधरा माणसें रानांत शिरतात. डुकरांचा उपद्रव आणि त्याची नुकसानभरपाई यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु रानांत जितकीं माणसें गेलीं तितकींच धडपणीं परत कशीं येतील, याचा विचार छापून आलेला क्वचितच दिसतो. तेवढाच आजचा विषय.

प्रथम कायद्याची बाजू. शौकाची शिकार आपल्या देशांत आतां राहिलेली नाहीं. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचे परवाने देण्याची तरतूदच त्यांतून निघाली. आज उभ्या पिकास उपद्रव देणारें डुक्कर मारावयाचें तरी त्या कायद्याच्या कलम ११ खालीं लेखी हुकूम लागतो. बंदुकीचा परवाना जवळ आहे म्हणून डुकरावर ती झाडण्याची मुभा मिळाली, असा समज खेडोपाडीं फार आहे. तो साफ चुकीचा आहे. हे दोन निराळे कागद, व ते दोन निराळ्या कचेऱ्यांतून मिळतात. बंदुकीचा कागद १९५९ च्या शस्त्र कायद्याचा. पीकसंरक्षणासाठीं ठांसणीची बंदूक देण्याची सोय त्या कायद्यांत आहे, आणि ती अपुरी पडते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकहि देतां येते. परवाना मात्र माणसाच्या नांवाचा असतो, घराच्या नांवाचा नव्हे. "अरे, जरा धर" म्हणून हांक्यांत बंदूक या हातांतून त्या हातांत जाते, आणि पुष्कळदां एकवीस वर्षेंहि पुरीं न झालेल्या पोराच्या खांद्यावर चढते, तेव्हां कायदा तर मोडतोच. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, ती भरलेली आहे कीं रिकामी आहे हें जाणणारा मनुष्य तिच्यापासून दूर जातो.

तहसील कचेरींत असतांना बंदुकीच्या परवान्यांच्या अर्जांवर सातबाराचे उतारे जोडून अहवाल तयार करणें हें माझें काम होतें, आणि त्याच कारणानें बंदुकीच्या अपघातांचे कागदहि नजरेखालून जात. त्या कागदांत बंदूक फुटून मनुष्य मेला असें कधीं काळीं एखादें दिसे. जखमी डुकरानें फाडलें असेंहि थोडें. बहुतेक जबाबांत दोनच वाक्यें आळीपाळीनें येत. एक, "बंदूक एकाएकीं उडाली." दुसरें, "डुक्कर समजून झाडली." जबाब देणारे लोक खोटें बोलत असत असें मला वाटत नाहीं. बंदूक खरोखरच एकाएकीं उडाली असेल. झिजलेला घोडा निसटतो, चापांत काटकी अडकते, पाय घसरतो, आणि यंत्र तें यंत्र, केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं. परंतु उडालेल्या बंदुकीचें तोंड त्या क्षणीं जमिनीकडे असतें तर मातींत खड्डा पडला असता, आणि आकाशाकडे असतें तर पांखरें उडालीं असतीं. मनुष्य मेला, कारण तोंड मनुष्याकडे होतें. घोडा, चाप, केप, दारू हीं सारीं बिघडणारीं साधनें आहेत. नळीचें तोंड कोणीकडे आहे ही एकच गोष्ट अशी आहे कीं, जी सर्वस्वीं बाळगणाऱ्याच्या हातांत असते. म्हणून बंदूक हातीं घेतल्यापासून ती खालीं ठेवीपर्यंत मनांत एकच प्रश्न चालता ठेवावा : या घटकेस ही उडाली तर कोठें लागेल?

"भरलेली नाहीं रे ती!" हें वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकिलें आहे. रिकामी बंदूक आणि भरलेली बंदूक यांत बाहेरून तिळभरहि फरक दिसत नाहीं; ठांसणीच्या बंदुकींत तर मुळींच नाहीं, कारण ती मोडून नळींतून पलीकडचा उजेड पाहतां येत नाहीं. गज आंत सोडून बाहेर किती उरतो हें पाहिल्याखेरीज ती रिकामी असल्याची खात्री करण्यास दुसरा मार्ग नाहीं. यासाठीं रिकाम्या गजावर एक खूण आणि भरलेल्यावर दुसरी, अशा दोन खुणा कोरून ठेवाव्यात. जुने शिकारी असें करीत.

आतां छरे किती लांब जातात याचा हिशेब पाहूं. मोजणीशीं संबंध आलेल्या मनुष्यास हा हिशेब गुंठ्यांत घालून पाहिल्याशिवाय चैन पडत नाहीं. छऱ्याचा व्यास इंचांत घेऊन त्यास २२०० नें गुणिलें, म्हणजे तो जास्तींत जास्त किती वार जाईल याचा अदमास निघतो. पांखरांवर झाडण्याचा ६ नंबरचा छरा इंचाच्या दशांशाएवढा असतो. तो सव्वादोनशें वारांपर्यंत जातो. एक एकर जमीन चौरस असली तर तिची बाजू सुमारें ७० वार भरते. म्हणजे हा मोहरीवजा छरा सरळ रेषेंत तीन एकरांच्या पलीकडे जाऊन पडतो. डुकरासाठीं वापरतात तो एस. जी. चा मोठा छरा इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. तो सातशें वारांवर, म्हणजे दहा एकरांच्या पार. आणि बारा बोअरची अखंड शिशाची गोळी दीड हजार वार जाऊं शकते. पलीकडे कोण आहे हें न पाहतां झाडणारा मनुष्य आपल्या सर्व्हे नंबरांत उभा राहून दुसऱ्या गांवच्या शिवारांत गोळी पाठवीत असतो.

दुसरा हिशेब तोंड हलण्याचा. चार फूट लांबीची बंदूक खांद्यास लावलेली आहे, आणि तिचें तोंड केवळ एक इंच बाजूस सरकलें. पन्नास वारांवर तो एक इंच एका वाराहून अधिक होतो, शंभर वारांवर दोन वारांहून अधिक. डुक्कर आणि हांकेकरी यांच्यामध्यें कित्येकदां एवढेंच अंतर असतें.

रानाकडे जातांना माणसें पायवाटेनें एकामागून एक चालतात. बंदूक खांद्यावर आडवी टाकून चालण्याची आपल्याकडे रीत आहे, व ती दिसावयास ऐटबाज दिसते. पण पुढच्याची नळी मागच्याच्या छातीकडे आणि मागच्याची पुढच्याच्या पाठीकडे पाहत असते. काठीसारखी ती वापरूं नये. पहिल्यानें बंदूक पुढें व खालीं धरावी, शेवटल्यानें तोंड मागें व खालीं ठेवावें, आणि मधल्यांनीं तोंड वर आकाशाकडे किंवा ज्या बाजूस कोणी नाहीं त्या बाजूस खालीं. बोलतांना मान वळते, मानेबरोबर अंग वळतें, आणि अंगाबरोबर नळी वळते, हें ध्यानांत असूं द्यावें. गडगा, कुंपण, ओढा ओलांडावयाचा असला तर केप काढून घ्यावी, बंदूक खालीं ठेवावी, मग स्वतः पलीकडे जावें. किंवा पलीकडच्याच्या हातीं दस्त्याच्या बाजूनें द्यावी. गडग्यास टेकवून ठेवलेली बंदूक नळी धरून आपल्याकडे ओढणें यासारखी आत्मघाताची दुसरी युक्ति नाहीं. जीप किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीविषयीं तर बोलावयासच नको. भरलेली बंदूक चाकावर चढवूंच नये.

ठांसणीच्या बंदुकीविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे, कारण आपल्या वाचकांपैकीं बहुतेक परवानेदारांजवळ तीच आहे. दारू, बोळा, छरे, पुन्हां बोळा, आणि गजानें ठांसणें, या सगळ्या वेळीं तोंड वर, पण भरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून बाहेरच्या बाजूस असावें. गजावर तळहात दाबूं नये; बोटांनीं धरावा. एकदां झाडलेल्या नळींत बोळ्याची ठिणगी धुमसत असते, यासाठीं दुसरी दारू भरण्यापूर्वीं थोडें थांबावें, आणि ती डब्यांतून थेट न ओततां मापानें ओतावी. पेटली तर मापाएवढीच पेटेल, डबा फुटणार नाहीं. केप सर्वांत शेवटीं, आणि तीहि ठाणावर बसल्यावर चढवावी. घोडा केपेवर टेकलेला असतांना मागून नुसता धक्का बसला तरी बंदूक उडते. अर्ध्या घोड्यावर विश्वास ठेवणारे पुष्कळ आहेत, पण आजोबांच्या वेळच्या बंदुकींत ती खांच किती झिजली असेल हें कोणीं पाहिलें आहे? दुनळी बंदुकीची एक नळी झाडली व ती पुन्हां भरावयाची असली, तर दुसऱ्या भरलेल्या नळीवरची केप आधीं काढावी. ही गोष्ट घाईंत विसरली जाते, आणि ठांसणाऱ्याचा हात त्याच भरलेल्या तोंडाशीं असतो.

केप वाजली आणि बंदूक उडाली नाहीं, असें आपल्या दमट हवेंत वरचेवर घडतें. अशा वेळीं नळी खालीं करून आंत डोकावूं नये, कीं सोबत्यास "बघ रे काय झालें" म्हणून दाखवूं नये. ओलसर दारू सावकाश पेट घेते. डोळे तोंडावरून न हलवितां, तोंड सावजाकडच्याच मोकळ्या दिशेस धरून, सावकाश एक मिनिट मोजावें. नंतर नवी केप.

आतां प्रत्यक्ष हांका. बंदूकवाला जेथें बसतो तें ठाण सर्वांच्या देखत ठरावें, आणि प्रत्येक ठाणावर त्याच्या डाव्या व उजव्या शेजाऱ्यास हात वर करून दाखवावा. ठाणें एका ओळींत असावीं. ओळ वांकडी झाली कीं कोणीतरी कोणाच्या तरी पुढें येतोच. फ्रान्स देशांत रानडुकरांचे हांके फार होतात, व तेथें ठाणावर बसणाऱ्यास एक सोपी मोजणी शिकवितात. ठाणापासून शेजाऱ्याच्या दिशेनें पांच पावलें चालावें, तेथून काटकोनांत पुढें तीन पावलें टाकावीं, आणि त्या जागीं काठी रोवावी. परत ठाणावर येऊन पाहिलें म्हणजे शेजारी व काठी यांच्यामध्यें सुमारें तीस अंशांचा कोन दिसतो. त्या कोनांत कांहींहि येवो, बंदूक झाडावयाची नाहीं. तीच मोजणी दुसऱ्या शेजाऱ्याच्या बाजूस, व तशीच ओळीच्या मागील बाजूसहि. दोन काठ्यांच्या मधला जो भाग, तेवढेंच आपलें शिवार. शंकूसाखळीवर वाढलेल्या मनुष्यास ही रीत पाहून आनंद झाला हें कबूल करतों. जमिनीची हद्द जशी डोळ्यांनीं न ठरवितां दगडानें ठरवावी, तशीच ही.

हांकेकऱ्यांचा आवाज लांब आहे तोंवर समोर झाडतां येतें. आवाज जवळ आला, कीं समोरचें रान बंद. त्यानंतर डुक्कर ओळ ओलांडून मागें जाईल तेव्हांच, आणि मागच्याच बाजूस. खरी कसोटी येथें लागते. डुक्कर समोरून येतें, दोन ठाणांच्या मधून निसटतें, आणि बंदूकवाला डोळा त्याच्यावर ठेवून, नळी त्याच्याबरोबर फिरवीत, शेजाऱ्याच्या अंगावरून नेतो. सावजाबरोबर नळी वाहूं देणें हा डोळ्याचा स्वभाव आहे. तो शिकूनच मोडावा लागतो. ओळ ओलांडणाऱ्या जनावरावर झाडावयाचें तर बंदूक खांद्यावरून उतरवावी, तोंड आकाशाकडे करावें, अंग वळवावें, आणि मागें तोंड झाल्यावर ती पुन्हां खांद्यास लावावी. तेवढ्यांत डुक्कर गेलें तर गेलें.

हें अडाणी किंवा नवशिक्या माणसाकडूनच घडतें असें कोणास वाटत असेल, तर त्यानें अमेरिकेंतील प्रसंग आठवावा. ११ फेब्रुवारी २००६ रोजीं टेक्सास संस्थानांतील एका मोठ्या कुरणांत त्या देशाचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी लाव्यांची शिकार करीत होते. त्यांचे सोबती हॅरी व्हिटिंग्टन, वय ७८, पडलेलें पांखरूं शोधण्यास मागें राहिले, व तें झाल्यावर ओळीकडे परत येत होते. एक लावा उडाला. चेनी यांनीं नळी त्याच्यामागें फिरविली, आणि छरे सुमारें तीस वारांवर उभ्या असलेल्या व्हिटिंग्टन यांच्या तोंडावर, मानेंत व छातींत बसले. पुढें हृदयाजवळ गेलेल्या छऱ्यामुळें त्यांस हृदयविकाराचा झटका आला. सुदैवानें ते वांचले व २०२३ पर्यंत जगले. बंदूक उत्तम होती, शिकारी अनुभवी होता, सोबत्याच्या अंगावर भडक नारिंगी बंडीहि होती. उणें एवढेंच पडलें कीं, मागें राहिलेला मनुष्य आतां कोठें आहे याचा पत्ता नसतांना नळी त्या बाजूस वळली. ओळींतून कोणी हलला, कीं तो परत जागेवर दिसेपर्यंत सर्वांनीं नळ्या वर करून थांबावें.

"डुक्कर समजून झाडली" या दुसऱ्या वाक्याकडे वळूं. तिन्हीसांजेस किंवा पहांटे झुडूप हलतें, काळें कांहीं ओणवें दिसतें, आणि तासभर डुकराचीच वाट पाहणाऱ्या मनास तें डुक्करच दिसतें. आपल्याकडे राखणदार व हांकेकरी थंडीमुळें काळें कांबळें पांघरून वांकून चालतात. अंधुक उजेडांत कांबळें पांघरलेला मनुष्य आणि रानडुक्कर यांत किती साम्य असतें, हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें आपल्याच खळ्यावर पाहून घ्यावें. रात्रीं विजेरीच्या झोतांत नुसते दोन डोळे चमकतात. ते गुरांचे कीं शेजाऱ्याच्या कुत्र्याचे, हें त्यावरून सांगतां येत नाहीं. डोकें, कान, पाठ, पाय, सगळें जनावर स्पष्ट दिसल्याखेरीज, आणि त्याच्या मागें मातीचा बांध किंवा चढ असल्याखेरीज, बोट चापांत जातां कामा नये. कातळ किंवा जांभा मागें असला तर छरे उसळून भलतीकडे जातात. दगडास चढ समजूं नये. आवाजावर झाडणें, हालचालीवर झाडणें, हें झाडणें नव्हेच.

यावर एक स्वस्त उपाय आहे. हांक्यांतील प्रत्येक माणसानें, बंदूकवाल्यानेंहि, भडक भगवें फडकें डोक्यास व छातीपाठीस बांधावें. डुकरांस माणसाप्रमाणें लाल-नारिंगी रंग वेगळा ओळखतां येत नाहीं, त्यामुळें सावज त्या रंगानें बुजत नाहीं. माणसाच्या डोळ्यांत मात्र तो रानाच्या हिरव्या-तपकिरींत लांबून भरतो. फ्रान्समध्यें २०१९ च्या कायद्यानें अशा सामुदायिक शिकारींत ही भडक बंडी सक्तीची केली आहे. आपल्याकडे हा रंग प्रत्येक घरीं आहे. अंधारांत मात्र त्याचा उपयोग नाहीं, व म्हणून अंधारांत पुष्कळ माणसांनीं मिळून बंदुका घेऊन हिंडणें हेंच मला मुळीं पसंत नाहीं. रात्रीची राखण करावयाची तर एक बंदूक, एक मचाण, आणि बाकीचीं माणसें घरीं.

दारूविषयीं एकच वाक्य पुरे : बंदुकींत जाते ती एक दारू असतांना दुसरीचें रानांत काम नाहीं.

एवढें करूनहि कोणास लागलेंच, तर सगळें सोडून त्यास दवाखान्यांत नेणें हें पहिलें काम. हें सांगण्याची पाळी यावी याचें वाईट वाटतें, पण येते. २०२५ च्या आरंभीं पालघर जिल्ह्यांत मनोरनजीकच्या रानांत शिकारीस गेलेल्या टोळींतील माणसावर सोबत्यानेंच डुक्कर समजून गोळी झाडली. एकाचा जीव गेला, आणि ती गोष्ट उघडकीस येण्यास कांहीं दिवस लागले. परवानगीवांचून निघालेल्या टोळीचा खरा धोका येथें असतो. जखमी मनुष्याच्या रक्तापेक्षां पोलिसांचें भय मोठें वाटूं लागतें, आणि वांचणारा मनुष्य वाटेंत मरतो. निष्काळजीपणानें मनुष्य मेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणें पांच वर्षांपर्यंत कैद आहे. कोणी मेला नाहीं, पण बेफिकिरीनें बंदूक झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घातला, तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लपविल्यानें शिक्षा कमी होत नाहीं, वाढते.

कचेरींत अशा प्रकरणाचा शेवट न्यायालयांत होत नसे, फेरफाराच्या वहींत होई. मयताच्या नांवास कंस होऊन वारसांचीं नांवें लागत : विधवा, अज्ञान मुलें, अज्ञान पालनकर्ती आई. आणि कित्येकदां झाडणारा हा त्याच खात्यांतील दुसरा हिस्सेदार, चुलतभाऊ किंवा मेहुणा असे. दोन्ही घरांचा बांध एक, विहिरीची पाळी एक. पुढें तीं दोन घरें त्या विहिरीवर कशीं उभीं राहत असतील, याची नोंद कोणत्याहि नमुन्यांत होत नाहीं.

म्हणून हांक्यास एक मुख्य नेमावा, आणि तो जमिनीनें मोठा आहे म्हणून नेमूं नये. ज्याच्या शब्दानें बंदूक खालीं होते असा नेमावा. त्यानें निघतांना माणसें मोजावीं, बंदुका मोजाव्या, प्रत्येकाचा परवाना व वनखात्याचा हुकूम पाहावा. शिट्टीची खूण ठरवावी : एक लांब शिट्टी झाली कीं केपा उतरल्या, नळ्या वर झाल्या, मग जाळींत डुक्कर धडपडत असलें तरी चालेल. शिट्टी होईपर्यंत कोणीं ठाण सोडावयाचें नाहीं, जखमी डुकरामागें एकट्यानें धांवावयाचें नाहीं. जो हा हुकूम मोडील त्यास, तो सरपंच असो कीं पाहुणा असो, पुढच्या हांक्यास बोलावूं नये. पहिल्या वर्षीं लोक रागावतील, दुसऱ्या वर्षीं संवय होईल.

परततांना भरलेली बंदूक घरीं आणूं नये. ठांसणींतील भार काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे रानांतच, सर्व माणसें मागें उभीं करून, मऊ मातीच्या उभ्या बांधांत ती जवळून झाडून टाकणें. एका भाराची दारू वाया जाईल. मग गज आंत सोडावा, रिकाम्याची खूण तोंडाशीं आली कीं नाहीं हें मुख्यास दाखवावें, केपांची डबी वेगळ्या खिशांत घालावी, आणि घरीं पोंचल्यावर बंदूक एका कुलपांत व दारू-छरे दुसऱ्या कुलपांत ठेवून दोन्ही किल्ल्या मुलांच्या हातीं न लागतील अशा ठेवाव्या.